हरायलाही हात लागतो

नव्व्याण्णव साली नाशकात कॉलेज रोडला पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचं टेबल आलं, तेव्हा धोंडीराम चाळिशीचा होता. पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या ठोकून ठोकून त्याचा हात असा बसला होता, की वर्षभरात त्याला हरवेल असं कोणी उरलं नाही. पण हे कोणाला कळू न देणं, हाच त्याचा धंदा. टोपी घालून जायचं, "ही काठी कुठं धरायची, भाऊ?" म्हणून विचारायचं, आठवडेच्या आठवडे हरायचं आणि पैजेचा एकच डाव मारून निघायचं.

त्याचं हे सोंग ओळखलं फक्त मनोजने. मनोज ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. कामगार नाट्यस्पर्धेसाठी नाटक लिहीत होता. त्याने धोंडीरामला नायक केलं. नाव-गाव बदलायचं आणि तोंड बंद ठेवायचं, या अटीवर.

एका दुपारी मनोज नायकाचं काम करणाऱ्या लखन नावाच्या नटाला टेबलावर सरावाला घेऊन आला. नेमका तेव्हाच कोपऱ्यात बारकूशेठ चहा पीत होता. या कांदा व्यापाऱ्याकडून धोंडीराम दोन महिने इमानेइतबारे हरत आला होता. रविवारी मोठी पैज होती. ती जिंकली, की टेम्पो घ्यायचा आणि सोंग कायमचं सोडायचं.

लखनला बॉल थोडक्यात चुकवायचा होता. त्याने तो भलतीकडेच मारला आणि कपाळ बडवलं, "अरेरे, हरलो!"

धोंडीरामने दात आवळले.

दुसऱ्यांदा लखन मारण्याआधीच हळहळला.

"छान!" मनोज म्हणाला.

"छान?" धोंडीराम उठलाच. "अरे, म्हशीला कळंल हा मुद्दाम हरतोय! आण ती काठी इकडं!"

त्याने बॉल मारला. तो पॉकेटच्या तोंडाशी गेला, कडेवर डुलला आणि थांबला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तसूभर फरक नाही.

बारकूशेठने कप खाली ठेवला. "धोंडीराम, म्हंजे दोन महिने तू..."

पैज गेली. टेम्पो गेला.

"रविवारी येऊ नको," शेठ उठत म्हणाला.

"नाय येत. पण शेठ, खरं सांगा, कधी संशय आला?"

शेठने चप्पल पायात सरकवली. "नाय आला लेका," म्हणाला आणि निघून गेला.

मनोज भराभर वहीत लिहायला लागला.

"लिहितो काय, शहाण्या!" काठी लखनच्या हाती देत धोंडीराम खेकसला. "आधी याचं कोपर बघ, कुठं चाललंय ते!"