बाबांची प्रार्थना

कार्बोलिक साबणाचा वास आला की मला नागपूरच्या मिशन दवाखान्यातला तो उन्हाळा आठवतो. मी दहा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण विषमज्वराने बेशुद्ध पडली होती. खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी खाटेशी उभं राहून आधी देवाची स्तुती केली, मग उपकार मानले, पापांची कबुली दिली आणि शेवटी मागणं मागितलं. रविवारच्या शाळेत त्यांनी आम्हाला प्रार्थनेचा हाच क्रम शिकवला होता. ‘आमेन’ म्हणायच्या ऐवजी गिरणीतून धावत आलेले बाबा ओरडले, “माह्या पोरीनं तुह्यं काय बिघडवलं गा देवा? काहून चूप बसून राहिला?” मी घाबरून डोळे घट्ट मिटले. पाळकसाहेब मात्र रागावले नाहीत. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “बोल गा, हेही प्रार्थनाच होय.” मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी बहीण गेली, आणि बाबांच्या त्या बोलण्यानेच देव कोपला असं धरून मी कितीतरी वर्षं त्यांच्याशी तुटक वागले. पाळकसाहेबांचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. देवाजवळ मी आता रोज क्षमा मागते. बाबांजवळ मागायची राहूनच गेली.