‘येते’ म्हणजे कधी?

माझी आई लंकाबाई मखमलाबादच्या मळ्यात शेवंती पिकवते आणि नाशिकच्या फूलबाजारात स्वतः बसून विकते. तिला जगातलं काहीही दाखवा, ती आधी त्यात खोट काढते. मागच्या जुलैत मी तिला महिनाभर माद्रिदला, माझ्या नोकरीच्या गावी, बोलावलं. सुट्टीच्या दिवशी माझी मैत्रीण मार्ता आम्हाला गाडीतून जुनी गावं दाखवायची. तोलेदोच्या चर्चमध्ये सगळे माना वर करून छत बघत होते, आणि आई फुलदाणीवर वाकलेली. "परवाची फुलं हायेत. देवाला परवाची?" आव्हिलाच्या तटावर ती भर उन्हात चढली आणि म्हणाली, "एवढी भित घातली, पण सावलीला एक झाड नाय लावलं."

सेगोव्हियात तर कहरच केला. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचा, दगडावर नुसता दगड ठेवून बांधलेला पाण्याचा उंचच उंच पाट आहे. मार्ता अभिमानाने माहिती सांगत होती, मी भाषांतर करत होते.

"पाणी कुठंय?" आईने विचारलं.

"आता नाही सोडत."

"मग आपला पाट बरा. उशिरा का व्हईना, पाणी येतं."

मार्ताची आई पिलार त्याच गावात राहते. वय ऐंशीच्या घरात, नवरा गेल्या हिवाळ्यात वारलेला, घरात एकटी. तिने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. अंगणातल्या कुंडीत जाई दिसली आणि आईचे हात शिवशिवले. तिने गजरा करून पिलारच्या आखूड पांढऱ्या केसांत चार पिना खोचून बसवला. पिलार आरशासमोरून हलेना. मग दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलल्या, मला कुणी काही विचारलं नाही. खरं सांगते, मला जरा रागच आला.

निघताना आई म्हणाली, "यांच्यात ‘येते’ कसं म्हणत्यात?"

"वेंगो," मी चपला घालता घालता सांगून टाकलं.

आई उंबऱ्यात उभी राहून ठसक्यात म्हणाली, "वेंगो!" पिलारने आनंदाने मान डोलावली.

माद्रिदला परतल्यावर रात्री साडेनऊला, तिथे तेव्हा अजून ऊन असतं, मार्ताचा फोन आला. पिलारने रात्रीच्या जेवणाची ताटं मांडली होती. पाहुणी येते म्हणून गेलीय, तिच्याशिवाय जेवणार नाही, असं म्हणत बसली होती. त्यांच्यात येते म्हणजे येतेच! मी हसत हसत आईला सांगितलं. ती हसली नाही.

"म्हातारी माझ्या शब्दावर उपाशी बसली, आन् तू दात काढती?"

"अगं आई, परवा तुझं विमान आहे. बॅग भरायचीय."

"मग उद्या हाय ना."

दुसऱ्या दिवशी मला रजा टाकायला लावून ती बसने सेगोव्हियाला गेलीच. पिलार दारात उभी होती, केसांत कालचाच सुकलेला गजरा. दोघी पोटभर जेवल्या. निघायची वेळ झाली आणि पुन्हा तोच पेच. मी म्हटलं, "आता ‘आदिओस’ म्हण आणि मोकळी हो."

"म्हंजी?"

"जाते."

"एकट्या बाईच्या दारात उभी राहून ‘जाते’ म्हणू व्हय? तिचा एक गेला तेवढा बास नाय का?"

आणि ती पुन्हा "वेंगो" म्हणाली. या वेळी पिलारने तिचा हात धरून ठेवला. "क्वांदो?"

"काय म्हणती?"

"कधी, असं विचारतेय."

पन्नास वर्षं आई दारोदार ‘येते’ म्हणत आलीय. सटाण्यापासून मनमाडपर्यंत एकाही नातेवाइकाने तिला कधी, म्हणून विचारलेलं नाही. ते विचारायचं नसतंच. बाजारात भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प करणारी माझी आई पिलारच्या केसांतला सुकलेला गजरा नुसताच सारखा करत राहिली.

"सांग तिला," ती शेवटी म्हणाली, "शेवंती सरली का येते."

मी सांगितलं. पिलारने बोटांवर महिने मोजले. मला वाटलं, आईने म्हातारीचं मन राखलं, एवढंच.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला, मागे बाजाराचा गलका.

"भागू, शेवंतीचा शेवटचा तोडा झाला. तिकीट बघ."

"अगं, आत्ता? सेगोव्हियात बर्फ पडतोय!"

"पडू दे. ती ताट मांडून बसली असंल."