रंगाखालचा जोड

बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. वेल्डिंगचे जोड तपासायचं काम त्यांचं, त्यामुळे गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग. जोडात सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी खडूची फुली मारून ते पुढे सरकत. वरून रंग लागणारच आहे, असं एखादा वेल्डर कुरकुरला, की उत्तर ठरलेलं होतं : "रंगाला जोर नसतो." हे वाक्य कारखान्यात इतकं फिरलं होतं, की कॅन्टीनचा चहा पातळ निघाला तरी कुणीतरी ते म्हणायचं.

त्यांची बायको नर्स. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. दवाखान्याच्या वतीनं ती सायकलवरून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करायची. सायकल दणकट, पण ब्रेक जुन्या पद्धतीचे, चाकाच्या कडेवर रबर घासून थांबवणारे. रस्ता ओला असला की पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तिचा जीव टांगणीला लागायचा. "ब्रेक दाबला की सायकल आधी विचार करते, मग थांबते," असं ती म्हणायची.

डिस्क ब्रेक मीच बसवून देतो, असं भिंगवाल्यांनी जाहीर केलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं सुचवलं, की त्यापेक्षा नवी सायकल घ्या, नाहीतर एखाद्या वेल्डरला तरी सांगा. ते हसले. इतकी वर्षं जोड बघणाऱ्याला एक जोड जमू नये? काठावर उभं राहून पोहायला शिकवणारा पाण्यात उतरावा, तसं ते झालं.

नवं चाक आणि चकती विकत मिळाली. पण चकतीला आवळून चाक थांबवणारा ब्रेकचा चिमटा धरायला मागच्या चाकाशेजारी पोलादी पट्टी लागते, माउंट म्हणतात तिला, आणि जुन्या सांगाड्यावर ती नव्हती. मागच्या अंगणात त्यांनी नळीवरचा रंग खरवडला, पट्टी चकतीच्या रेषेत आणून तारेनं आवळली आणि गॅसच्या ज्योतीवर पितळेची कांडी धरली. बाहेरच्या बाजूनं पितळ मधासारखं पसरलं. चाकाकडच्या अरुंद बाजूला ज्योत नीट पोचेना, तिथं त्याचे नुसते मणी झाले. कानशीनं घासून त्यांनी भिंग लावलं. पट्टीच्या कडेला एक काळी रेघ होती आणि रेघेच्या शेवटी छिद्र.

कारखान्यात फुली पडली असती. इथं पुन्हा तापवायचं म्हणजे पातळ नळी जळायची भीती. तेवढ्यात चहाचा कप घेऊन बायको दारात आली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," ते म्हणाले आणि निळ्या रंगाचा डबा उघडला.

काही आठवडे सायकल झकास थांबली. सिस्टरनं वस्तीभर नवऱ्याचं कौतुक केलं. ते ऐकताना त्यांना बरंही वाटायचं आणि ती काळी रेघही आठवायची. मग एके दिवशी टाकीच्या उतारावर मांजर आडवं आलं आणि तिनं ब्रेक दाबला. पट्टी उखडली, चिमटा चाकाच्या तारांत घुसला, चाक जागच्या जागी जाम झालं. सिस्टर खांद्यावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

झोळीत हात घालून ती घरी आली, तेव्हा थोरली बहीण आधीच येऊन बसली होती. उतारावर वाऱ्यासारखी सुटतेस, एक दिवस असं होणारच होतं, असं तिनं भावजयीला फैलावर घेतलं. भिंगवाले मूग गिळून बसले. त्यावर बायकोच त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही एवढं खपून केलं होतंत हो. मीच दणकन दाबला असणार. मोडून ठेवलं सगळं."

ते उठून बाहेर गेले. भिंतीला टेकवलेल्या सायकलवर तुटलेली जागा दिसत होती. निम्मी फाटलेल्या धातूनं चकाकत होती, निम्मी काळी. तिथं पितळ कधी लागलंच नव्हतं.

हात वर होत नसल्यानं तिची वेणी आता त्यांनाच घालावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालतानाच त्यांनी सांगितलं. मागे उभं असल्यानं तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच जमलं.

"तू नाही मोडलंस. जोड कच्चा होता. मला तेव्हाच दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

"आणि रंग दिलात?"

त्यांच्या बोटांतून केसांचे पेड सुटले. ती म्हणाली, "कारखान्यातला असता, तर पास केला असता?"

"नाही."

"बरोबर. तो परक्यांचा. मी घरचीच ना." मग मान सरळ धरून ती म्हणाली, "वेणी पुरी करा."

भांडण असं झालंच नाही. पण त्यानंतर कशी पडलीस म्हणून कुणी विचारलं, की ती उत्तर द्यायची नाही, नवऱ्याकडे बघायची. पहिल्यांदा बहिणीला सांगावं लागलं. ती फाडफाड बोलेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती नुसती पदराशी चाळा करत राहिली, आणि ते जास्त लागलं. मग शेजारी आले, दूधवाला आला, सिस्टरचे पेशंट काठी टेकत आले. प्रत्येकाला त्यांनी खाली मान घालून तेच सांगितलं. सरावानं ते सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. कारखान्यात फुल्या ते मारतच होते, पण रंगाबद्दलचं ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

पट्टी कापून त्यांनी जोड पुन्हा केला. या वेळी भंगारातल्या नळ्यांवर हात बसेपर्यंत सांगाड्याला ज्योत लावली नाही, आणि जोड तपासायला दिला तो दुसऱ्याला. जोड पक्का निघाला. पण हाड जुळल्यावर सिस्टरनं दुकानातून तयार डिस्क ब्रेकची सायकल आणली. जुनी निळी आता तेच चालवतात. बायकांची सायकल म्हणून वेल्डर मागून हसतात, हे त्यांना ठाऊक आहे.

एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, नव्या सायकलच्या ब्रेकचे बोल्ट बघून देऊ का.

"दुकानवाला बघतो," ती म्हणाली. मग दारापर्यंत जाऊन मागे वळली. "पुढचं चाक बसलंय. पंक्चर तेवढं काढून ठेवा."