तीनच्या आधी

आमच्या घरी भेळ होत नाही. बोरिवलीत राहून, भेळेसाठी जुहूपर्यंत जाणाऱ्या माणसाशी लग्न करून, भेळ न करणारं दुसरं घर मी अजून पाहिलेलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर सासूबाई सांगतात, हिला ॲसिडिटी होते. मी मान हलवते. मला आयुष्यात कधी ॲसिडिटी झालेली नाही. खरं कारण कुरमुरे आहेत.

मुलगा दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. कुकरच्या शिट्टीला दोन्ही कान झाकायचा, पण मी मागून हाक मारली तर ती भिंतीला मारल्यासारखी. उत्तरं सगळ्यांकडे तयार होती. मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही असाच होता, आता बघ, तोंड मिटत नाही. शेजारच्या काकूंनी खापर माझ्या मोबाईलवर फोडलं. शेवटी डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला आणि आम्ही रिक्षात बसून घरी आलो. एरवी तोंड न मिटणारा माझा नवरा लिंक रोड संपेपर्यंत बाहेर बघत होता.

गोरेगावला एक केंद्र होतं. तिथल्या मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. मला वाटलं होतं, त्या मुलाला आत नेतील, दार लावतील आणि तासाभराने दुरुस्त करून बाहेर आणतील, मिक्सर दुरुस्तीला टाकतो तसं. त्यांनी मुलाला सतरंजीवर सोडलं आणि शिकवायला घेतलं मला. म्हणाल्या, आठवड्यातून एकदा तो माझ्याकडे येणार, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे असणार, मग शिकायचं कोणी? मला भयंकर राग आला. अंधेरीची नोकरी सोडली होती ती आई व्हायला, मास्तरीण व्हायला नाही. पण राग गिळून शिकले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सर्वांत आधी त्यांनी दाखवला तो हात आणि नजर यांतला फरक. माझ्या मुलाला पाणी हवं असलं की तो माझं मनगट धरून स्वयंपाकघरात न्यायचा आणि माझा हात फिल्टरच्या नळावर ठेवायचा. मला त्याचं केवढं कौतुक होतं. मॅडम म्हणाल्या,

“तो तुमचा हात घेतो, तुम्हाला नाही घेत.”

चमचा उचलावा तसा तो हात उचलतो, म्हणाल्या. त्याने हातावरून वर, तुमच्या तोंडाकडे बघितलं पाहिजे. देणारं माणूस आहे, हे त्याला कळलं पाहिजे. त्यासाठी थांबायचं. तो बघेपर्यंत द्यायचं नाही. मात्र हे तहानेवर, भुकेवर शिकवू नका, खेळावर शिकवा, हेही त्यांनीच सांगितलं. त्याला काय आवडतं ते शोधा, म्हणाल्या.

त्याला वरून पडणाऱ्या वस्तू आवडायच्या. एका दुपारी माझ्या हातून कुरमुऱ्यांची पिशवी फाटली आणि तो लादीला गाल टेकवून पडणारे कुरमुरे बघत राहिला. मग तोच आमचा खेळ झाला. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, वाटी उंच धरायचे, ‘एक’ म्हणायचे, ‘दोन’ म्हणायचे, आणि थांबायचे. तो वाटीकडे बघायचा. मी थांबायचे. हात भरून यायचा, तो कंटाळून उठायचा, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. सासूबाई दारातून म्हणायच्या, अगं, घाल की त्याच्यासमोर, किती तरसवतेस लेकराला. मी दात-ओठ खात थांबायचे.

आणि एक दिवस त्याने वाटीकडे बघितलं, वाटी कलेना, तेव्हा त्याची नजर वाटीवरून खाली उतरली आणि माझ्या डोळ्यांवर आली. त्याच्या डाव्या डोळ्यात एक तांबूस ठिपका आहे. तोवर मला तो फक्त झोपेतून उठवताना ओझरता दिसला होता. मी ‘तीन’ म्हणायचंच विसरले, नुसते कुरमुरे पडले. तो हसला. मग पुन्हा, मग पुन्हा. रात्री नवरा घरी आला तेव्हा त्याच्याकडेही मुलाने तसंच बघितलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच मुंग्या होतील म्हणून केरसुणी आणायला गेल्या.

त्या महिनाभरात मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. ‘दोन’ आणि ‘तीन’ यांच्यामध्ये माझा मुलगा मला भेटायचा.

मग संक्रांत आली. सासूबाईंच्या मनात बोरन्हाण होतं. लहान मुलाला काळे कपडे घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा, चॉकलेटं ओततात आणि जमलेली पोरं ते लुटतात. आदल्या वर्षी तापामुळे राहिलं होतं, आणि नातू काही जन्मभर मांडीवर मावणारा नसतो. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, घरचीच माणसं, एक ओंजळ, तीही तो बघेल तेव्हाच. सासूबाईंनी सगळं कबूल केलं. हलव्याचे दागिने त्यांनी स्वतः बसून केले होते, ते टोचतील म्हणून मी नको म्हटलं, तर त्यांनी तक्रार न करता ते देवघरातल्या बाळकृष्णाला घातले.

मला जे माहीत नव्हतं ते असं. पोरंच नसली तर लुटणार कोण, म्हणून त्यांनी आमच्या विंगमधली सगळी पोरं बोलावली होती. आणि खाली कंपाउंडमध्ये गाठून त्यांना पढवून ठेवलं होतं, की आमचं बाळ ‘एक, दोन’ म्हटलं की छान बघतं, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हणा.

मी आतून वाटी घेऊन येत होते. हॉलमधून एकदम गलका आला, ‘एक, दोन, तीन’, एका दमात. मी पोचले तेव्हा अख्खं ताट त्याच्या डोक्यावर रिकामं झालं होतं आणि पोरं त्याच्या मांडीखालून चॉकलेटं ओढत होती. तो ओरडत नव्हता. स्वतःचं मनगट चावत होता. मी त्याला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि कितीतरी वेळ त्याच्या केसांतून कुरमुरे काढत बसले.

नवरा व्हिडिओ काढत होता. त्याने तो पुसून टाकला, पण त्यात काय होतं ते मला सांगितलं. ‘दोन’ ऐकल्यावर आपल्या मुलाने सवयीने मान वर केली होती. तो तोंड शोधत होता. तोंडं पुष्कळ होती. त्यातलं एक सापडायच्या आत ‘तीन’ झालं आणि बोरं त्याच्या वर केलेल्या चेहऱ्यावर पडली.

सासूबाई संध्याकाळी खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“मला वाटलं, सगळ्यांनी म्हटलं तर तो सगळ्यांकडे बघेल गं.”

ते ताट घेऊन बाल्कनीतून फेकून द्यावं असं दिवसभर माझ्या मनात होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी सरकून त्यांना बसायला जागा केली. गोरेगावला गेले नसते तर मलाही तसंच वाटलं असतं.

खेळ संपला. मी वाटी उचलली की तो डोळे मिटून घ्यायचा. नुसतं ‘एक’ म्हटलं तरी उठून पलंगामागे जायचा. मॅडम म्हणाल्या, ओढाताण करू नका, वाट बंद झाली तर दुसरी काढू. काढल्या. साबणाचे फुगे झाले, चादरीचा झोका झाला. शब्दही आलेत थोडे. पाणी म्हणतो. पण म्हणताना फिल्टरकडे बघतो. तो तांबूस ठिपका मला पुन्हा झोपेतून उठवतानाच दिसतो, आणि मी रोज त्यासाठी त्याच्या आधी उठते.

आमच्या विंगमधली पोरं मात्र ते विसरली नाहीत. आता कोणाचंही बोरन्हाण असलं तरी ती मोजूनच ओततात. ती इथली पद्धतच पडली आहे. यंदा वरच्या मजल्यावर होतं. आम्हाला बोलावणं होतं, आम्ही गेलो नाही. सासूबाईंनी दुपारीच खिडक्या लावून घेतल्या. तरी वरून पाट सरकल्याचा आवाज आला, पोरांची पळापळ आली, आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ‘एक’.

तो फरशीवरून उठला, माझ्याकडे आला, माझं मनगट धरलं आणि माझा तळवा आपल्या कानावर ठेवला. बघत होता समोरच्या भिंतीकडे. मला सगळं आठवत होतं. हात घेतो, तुम्हाला नाही. थांबायचं. मी थांबले नाही. कान घट्ट झाकला. दुसरा उघडाच होता, कारण माझ्या दुसऱ्या हाताला कढईचं तेल लागलेलं होतं. सासूबाई पुढे आल्या, त्यांनी आपला हात उचलला, आणि तो तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी तो त्याच्या कानावर ठेवला.

वर ‘तीन’ झालं तेव्हा आमच्या दोघींच्या हातांमध्ये तो डोळे मिटून उभा होता.