साहेबांच्या तोंडाचं माप

माझे भावोजी शिंपी आहेत आणि माणसाकडे नुसतं बघून त्याच्या छातीचं माप सांगतात. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे मी वेगळं कौतुक करायची गरज नाही. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की ते टेप बाजूला ठेवतात. "पोट सोडा. शर्ट तुमच्यासाठी शिवायचाय, तुमच्या फोटोसाठी नाही." अशा माणसाला एका माशाने फसवलं.

मासा माझ्या ताईचा. दुकानात कापडं बेतायच्या टेबलाशेजारी तिची काचेची टाकी आहे आणि तीत एकटा ऑस्कर. सिक्लिड जातीतला, तळहाताहून मोठा, कपाळावर कायम आठी. आम्ही त्याला साहेब म्हणतो. ताई टाकीजवळ बसून काजं-बटणं करायची आणि साहेब दिवसभर तिच्या सुईकडे बघत काचेपाशी राहायचे. मग लेकीच्या बाळंतपणाला ताईला जावं लागलं. साहेब जे लाकडाच्या ओंडक्यामागे जाऊन बसले ते बाहेरच येईनात. टाकलेले दाणे पाण्यावर तसेच तरंगायचे.

ताईचा रोज फोन यायचा. पहिला प्रश्न, "जेवला का?"

पहिल्या दिवशी भावोजी म्हणाले, "हो, मगाशीच जेवलो."

"तुम्ही नाही हो, साहेब!"

त्यानंतर भावोजींनी स्वतःबद्दल बोलायचं सोडून दिलं. पण धास्ती खरी होती. ताईने तो मासा बोटाएवढा असल्यापासून वाढवला होता. ती यायच्या आत त्याला काही झालं तर तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांचं कामात लक्ष लागेना.

पाळीव माशांच्या दुकानदाराने उपाय सांगितला. "दिसतो दांडगा, पण आहे भित्रा. टाकीत घोळक्याने फिरणारे मासे सोडा. ते बिनधास्त फिरताना दिसले की याला वाटतं, बाहेर धोका नाही. फक्त याच्या तोंडात मावणार नाहीत असे बघा."

मापाची गोष्ट निघाल्यावर भावोजींना चेव आला. साहेबांनी ओंडक्यामागून जरा नाक काढलं, तेवढ्यात यांनी काचेला टेप लावून तोंडाचं माप घेतलं आणि त्याहून किंचित जाड अशा टेट्रा माशांचा घोळका निवडून आणला. "बघ," मला म्हणाले, "एक सूत इकडचं तिकडे नाही."

सकाळी टाकीत निम्मेच टेट्रा उरले होते. साहेब ओंडक्यामागे, पोट टम्म.

"भावोजी," मी विचारलं, "माप मिटलेल्या तोंडाचं घेतलंत का?"

त्यांनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. तेवढ्यात फोन वाजला. जेवला का? "भरपूर," भावोजी म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.

उरलेले टेट्रा परत गेले. या खेपेला त्यांनी सिल्व्हर डॉलर नावाचे मासे निवडले. बशीसारखे चपटे आणि रुंद, साहेबांनी जबडा कितीही वासला तरी त्यात अडकतील एवढे. पण एकदा हात पोळल्यामुळे आणले दोनच. "आधी ट्रायल घेऊ." ते दोघे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले, हलायला तयार नाहीत. आता आमच्याकडे लपणारे तीन झाले. भावोजींना धरून चार, कारण फोन वाजला की ते आतल्या खोलीत पळायचे आणि मला उचलायला लावायचे.

"अहो, घोळका म्हणजे घोळका," दुकानदार वैतागला. "दोघांनी कुणाच्या जिवावर फिरायचं?"

मग मात्र भावोजींनी पिशवीभर आणले. सोबत दिसताच कोपऱ्यातले दोघे पुढे आले आणि सगळा जथा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडू लागला. ताईने लावलेली पाण्यातली झाडंही त्यांनी जाता जाता फस्त केली. साहेब दुपारभर ओंडक्यामागून बघत होते. मग कपाळावरच्या आठीसकट, तपासणीला निघाल्यासारखे, सावकाश बाहेर आले. संध्याकाळी भावोजींच्या हातून दाणा घेतला. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची फार माया वाटली, म्हणून त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही.

ताई आली ती पिशवी दारातच टाकून थेट टाकीकडे गेली. साहेब घोळक्यात होते. त्यांनी एकदा बघितलं आणि पाठ फिरवून पुन्हा फेरी सुरू केली. ताईचं तोंड एवढंसं झालं.

आपल्या पराक्रमाची हकिगत भावोजींनी केव्हाची तयार ठेवली होती. मला तर ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. पण ताईकडे बघून ते म्हणाले, "तू गेल्यापासून एक दिवस धड जेवला नाही बघ. नुसता वाट बघत बसायचा."

ताईने साहेबांच्या गरगरीत पोटाकडे पाहिलं. मग भावोजींकडे पाहिलं. जवळ जाऊन तिने त्यांचा शर्ट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला, टाचण्या लावताना ते गिऱ्हाइकाचा धरतात तसा. कापड बरंच हातात आलं. भावोजींनी घाईघाईने पोट पुढे काढलं.

"पोट सोडा," ताई म्हणाली. "दोन बोटं आत घ्यावा लागेल."