दहा नंबरचा पाना

दादा, तू गेलास आणि मी अडकलो.

आज वर्ष झालं. आजच्या दिवशी तरी गोड बोलावं, पण खोटं कशाला लिहू? वर्षभर मनातल्या मनात तुला शिव्याच घातल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझा मोठा भाऊ मिरजगावात हायवेला गाड्यांच्या म्युझिक सिस्टिम रिपेअर करायचा. टेम्पोवाले, जीपवाले, उसाचे ट्रॅक्टरवाले, अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की सगळे त्याच्याकडे.

वय एक्केचाळीस. टेबलावर काम करता करता अटॅक आला. सोल्डरिंग गन तशीच चालू राहिली. टेबलावरचा काळा डाग अजून आहे.

मी पुण्यात नोकरीला. तेरावं झाल्यावर म्हटलं, पंधरा दिवस थांबतो, लोकांचे दुरुस्तीला पडलेले नग करून देतो आणि निघतो.

पंधरा दिवस! हसू नका.

मला काम येत होतं हीच चूक झाली. कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या तुझ्या टेबलाशी गेल्या होत्या ना. एक नग दिला की दोन यायचे.

"धाकटा बी तसलाच हाय. हात हाय त्याला."

लोक कौतुक करायचे आणि मला घाम फुटायचा.

आणि त्यात तुझ्या स्वतःच्या गाडीचा अ‍ॅम्प. तू गेलास तेव्हा तोच टेबलावर उघडा होता.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेवढा त्यांचा डबा वाजवून जा. साऱ्या तालुक्याच्या गाड्या वाजवल्या त्यांनी, आन् त्यांचीच मुकी ऱ्हायली."

नाही कसं म्हणणार?

जळके पार्ट बदलले. गाडीत बसवला. तू टेस्टिंगला लावायचास ते आपल्या जत्रेतल्या हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. काच थरथरली. वहिनी दारात उभ्या राहून रडल्या.

मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

सकाळी निघताना शेवटचं म्हणून स्विच ऑन केला, तर लाल दिवा. प्रोटेक्ट. म्हणजे कुठेतरी गडबड आहे असं वाटलं की अ‍ॅम्प स्वतःच बंद होऊन बसतो.

बॅग परत आत गेली.

त्यानंतर किती वेळा काढला आणि बसवला, मोजणं सोडून दिलं. टेबलावर मस्त वाजायचा. गाडीत नेला, आवाज वाढवला, की लाल दिवा. मीटरला बारा व्होल्ट बरोब्बर. फ्यूज बदलला, स्पीकर बदलले, बॅटरीकडची वायर नवीन ओढली. वेड लागायची पाळी आली.

कंपनीने दोनदा मुदत दिली, मग फोन उचलणंच बंद केलं. रूम पार्टनरने माझं सामान पोत्यात बांधून ठेवलं. आणि मी इथे तुझ्या खुर्चीत, तुझ्या टेबलावर, तुझ्याच डागाकडे बघत. काही दिवस तर शटर अर्धं उघडून तसंच खाली ओढायचो. बोलणार कुणाशी? सगळे म्हणणार, भावाचं एवढं करता येत नाही का?

अप्पा, म्हणजे आमचे वडील, रोज संध्याकाळी विचारायचे, "वाजला का रं?"

"न्हाई अप्पा."

"असू दे. उद्या बघ."

मला वाटायचं, म्हाताऱ्याचा किती जीव अडकलाय त्या डब्यात.

आता नशिबाने पुण्यातच दुसऱ्या नोकरीचं जमलंय. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर तेही गेलं.

आजच्या वर्षश्राद्धाला पाहुणे आणायचे म्हणून काल गाडी झाडायला घेतली. मागची सीट उचलली.

तुझा पहिला नियम काय होता? "आधी अर्थिंग बघ, डबा मग उघड." अ‍ॅम्पची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे आवळतात तो बोल्ट. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक गाडीत मी आधी तोच बघितला. तुझ्या गाडीत नाही बघितला. दादाने आवळलेला बोल्ट ढिला कसा असेल? आणि खरं सांगू, शेवटचा तुझा हात लागलेल्या त्या बोल्टला पाना लावायची छातीच झाली नाही.

बोटाने हलवला. गरगर फिरला.

आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेला दहा नंबरचा पाना. दुकानातला. ज्याच्यासाठी मी सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं तो.

मागे वळलो तर अप्पा उभे.

"अप्पा, हा हितं कसा?"

अप्पांनी पाना फडक्याने पुसला. मग म्हणाले, "तुज्या दादानंच दावलं हुतं. ह्यो ढिला असला की गाडी मुकी."

माझं डोकंच फिरलं. ओरडलो. अख्खी गल्ली ऐकेल एवढा ओरडलो. "माझी नोकरी गेली अप्पा! वर्ष गेलं माझं!"

"व्हय. गेलं," म्हणाले. "एक गेला. दुसऱ्याची बॅग भरल्याली दिसली. मला दुसरं काय येतंय रं?"

मी गाडीतच बसून राहिलो. लहान पोरासारखा रडलो, दादा. तू गेलास तेव्हा सुद्धा एवढं रडलो नव्हतो.

आज दुपारी पाहुणे जेवले आणि तुझी गाडी वाजली. हलगी ऐकून वहिनी म्हणाल्या, "आता कसं भरल्यावानी वाटतंय." त्यांना काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, त्या फेसबुकवर नाहीत.

लोकांचा शेवटचा नग परवाच देऊन टाकला. शटर ओढलं. मी सोमवारी पुण्यात असेन.

एकच काम तुझ्या नियमाबाहेरचं केलंय, माफ कर. तो बोल्ट पान्याने आवळला नाही. हातानेच लावलाय, अप्पांच्या बोटांना निघेल एवढाच.

फोन आला की समजेन, गाडी मुकी झालीय.

येतो रे दादा.