फाटकावरची झडती

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी रुईच्या गाठींनी भरलेल्या वॅगनमध्ये आगकाडी ओढली. आत अंधार होता, गाठीवरचा मार्का दिसत नव्हता आणि मी बी.कॉम. होतो... एवढंच कारण.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मलकापूरच्या एका कापूस कंपनीत, माल पाठवणीच्या खात्यात, मी शिकाऊ अधिकारी म्हणून लागलो. संग्रामपूरकडच्या आमच्या गावातला मी पहिला पदवीधर. वडिलांनी घरोघर पेढे वाटलेले. दौलतराव आमचे खातेप्रमुख. गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं, तेव्हा मला आधी त्यांचा तळहात आठवला. ती पेटती काडी माझ्या बोटांतून ओढून त्यांनी मुठीतच विझवली होती.

“काय करून राह्यला बे? गाव पेटवतं काय आमचं?”

आवारात काडी नेणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत. विडी-काडी फाटकावर ठेवायची, झडती द्यायची, मगच आत. पण झडती हमालांची. पँटवाल्यांना चौकीदार सलाम ठोकून सोडून देई. माझी काडीपेटी त्या सलामावरच आत आली होती. आता वडिलांना काय तोंड दाखवू, म्हणून मी रडकुंडीला आलो. दौलतराव एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी फाटकावर ये.”

सकाळी बघतो तर हमालांच्या रांगेत साहेब स्वतः हात वर करून उभे! आपले खिसे उलटे करून झाल्यावर त्यांनी चौकीदाराला माझ्याकडे बोट दाखवलं, “आता याचे.” कडक इस्त्रीच्या पँटीत मी हात वर केले. मागून एक हमाल म्हणाला, “साहेबाले गुदगुल्या होतात वाट्टे!” तेव्हापासून रोज हेच. म्हातारा माझ्यावर डूख धरून आहे, अशी माझी खात्री झाली. पुढे मी कायम झालो, मग दुसरीकडे मोठ्या पगारावर गेलो, आणि खडूस साहेबानं पदवीधराला हमालांत कसं उभं केलं ही गोष्ट बैठकीबैठकीत रंगवू लागलो. काडी तेवढी गाळत असे. तिच्यावाचून गोष्ट बरी रंगायची...

परवा साहेबांच्या घरी भेटायला गेलो, तर जिभेला सवयच लागलेली, तिथेही सुरू झालो. बसलेली चार माणसं हसलीसुद्धा. दौलतरावांच्या पत्नी, काकू, हसल्या नाहीत.

“तुमीच काय ते काडीवाले?”

मी खाली मान घालून हो म्हणालो.

“कंपनीच्या शेटजीले कळलं असतं तं यांचीबी नोकरी गेली असती. तुमाले ठेवून घेतलं, अन् मंग रात्री दचकून उठून बसत. ‘उद्या तो काडी तं नाही ना आननार?’ म्हनत.”

“काकू, मला खरंच ठाऊक नव्हतं...”

“ठाऊक कसं राहीन?” त्या म्हणाल्या. “तुमाले सांगाले गोष्ट भेटली. झोप आमची गेली.”